गोळा दुप्पट उंचीवरून टाकायचा की दुप्पट वजनाचा घ्यायचा?

शिरोलीकर · सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न धंद्यातला आहे, पण उत्तर बहुतेक नववीच्या पुस्तकात असणार, म्हणून इथे टाकतोय.

आमच्याकडे भंगारातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोडायचं काम चालतं. जुन्या मशीनचे बेड, फ्लायव्हील, मोठाली हाउसिंग, असले नग भट्टीच्या तोंडात मावत नाहीत. गॅसकटर बिडावर धड चालत नाही, हे फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. म्हणून क्रेननं २ टनांचा गोळा ६ मीटरवर न्यायचा आणि सोडायचा. साधे नग एका दणक्यात फुटतात. हल्ली मात्र काही जाडजूड नग आलेत. गोळा त्यांच्यावर आपटतो आणि बाजूला लोळतो. नगाला ढिम्म काही होत नाही.

भागीदार म्हणतो, उंची दुप्पट करू, १२ मीटर. उंची दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, आणि वेग दुप्पट म्हणजे मार चौपट. मी म्हणतो, ४ टनांचा गोळा ओतून घेऊ. ओतायला आपल्याला कुठं लांब जायचंय? कोण बरोबर? विनाकारण खर्च नको, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

निवृत्त_मास्तर · सोमवार, रात्री ९.५५

तुमच्या भागीदारांचं दुसरं विधान बरोबर, पहिलं नाही. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते, यात वाद नाही. पण उंची दुप्पट केल्यानं वेग दुप्पट होत नाही.

गोळा वर टांगलेला असताना त्यात स्थितिज ऊर्जा असते: वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. २००० किलो आणि ६ मीटर म्हणजे सुमारे १ लाख १८ हजार ज्यूल. ही सगळी क्रेननं घातलेली. गोळा खाली येताना त्यात एका ज्यूलचीही भर पडत नाही. उंची घटेल तशी स्थितिज ऊर्जा कमी होते आणि नेमकी तेवढीच गतिज वाढते. अर्ध्या वाटेवर निम्मी-निम्मी, आणि आदळायच्या क्षणी सगळी गतिज.

गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दोन्ही समान मांडा, वस्तुमान दोन्हीकडून उडतं. उरतं ते असं: ६ मीटरला वेग सेकंदाला १०.८ मीटर, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. १२ मीटरला सेकंदाला १५.३, म्हणजे ताशी ५५. दुप्पट नव्हे, १.४१ पट. ताशी ७८ पाहिजे असेल तर गोळा २४ मीटरवर न्यावा लागेल.

तेव्हा २ टन १२ मीटरवरून काय आणि ४ टन ६ मीटरवरून काय, ऊर्जा तीच, २ लाख ३५ हजार ज्यूल. तुमचं भांडण बरोबरीत सुटतं.

एक विचारायचं राहिलं. हे ६ मीटर जमिनीपासून की नगाच्या माथ्यापासून?

तांबडा_पांढरा · सोमवार, रात्री १०.०३

बरोबरीत सुटली म्हंजे कुस्ती झालीच न्हाई म्हणायची. आणि बरोबरच असंल तर उंची फुकट हाय की भावा. नवा गोळा कशाला ओततोयस?

क्रेनवरचा_माणूस · सोमवार, रात्री १०.४०

उंची फुकट म्हणणाऱ्याला एकदा केबिनमध्ये बसवायला पाहिजे.

१२ मीटरवर जायचं म्हणजे बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, लांब काढायचा. बूम लांब झाला की उचल कमी होते, आणि गोळा क्रेनपासून लांब पाडायचा म्हटलं की आणखी कमी. क्रेनच्या चार्टमध्ये सगळं दिलेलं असतं, पण तो चार्ट बघतंय कोण. त्यात गोळा सुटला की बूम वर उसळतो. भार असताना दोर ताणलेला आणि बूम वाकलेला असतो. भार अचानक गेला की तो ताण सुटून बूमला मागं फेकतो. ४ टनांना ही उसळी २ टनांपेक्षा जास्त. हायड्रावर (चाकांवरच्या छोट्या क्रेनवर) तर असलं काम करूच नका.

आता मुद्द्याचं. गोळा सोडता कसा? ब्रेक सैल करून दोरासकट सोडत असाल तर मास्तरांचा ३९ चा आकडा विसरा. ड्रम गरगरा फिरवायला आणि दोर ओढायला ऊर्जा जाते. ट्रिप हुक (भार झटक्यात सोडणारा आकडा) किंवा मॅग्नेट असेल तरच गोळा मोकळा पडतो.

शिरोलीकर · सोमवार, रात्री ११.१८

दोरासकटच सोडतो. आणि मास्तर, ६ मीटर जमिनीपासून. नग मीटरभर उंच असतो.

निवृत्त_मास्तर · मंगळवार, सकाळी ६.३०

म्हणजे प्रत्यक्ष पडणं ५ मीटरच. सहावा हिस्सा तिथंच गेला, दोरात जातो तो वेगळा.

भागीदार_हजर · मंगळवार, सकाळी ११.०५

मीच तो भागीदार. आमच्या शिरोलीकरांनी मला न सांगता धागा काढला, चालायचंच.

मास्तर, मला एवढंच सांगा. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सारखाच वाढतो ना? मग दुप्पट वेळ पडली तर दुप्पट वेग. हे तुमच्याच पुस्तकात आहे.

निवृत्त_मास्तर · मंगळवार, दुपारी १.२०

आहे, आणि खरंही आहे. दुप्पट वेळेला दुप्पट वेग. पण दुप्पट उंचीला दुप्पट वेळ लागत नाही, मेख तिथं आहे.

पहिले ६ मीटर गोळा शून्यापासून सुरुवात करून पार करतो, त्याला १.११ सेकंद लागतात. पुढच्या ६ मीटरमध्ये तो शिरतो तोच ताशी ३९ च्या वेगानं, म्हणून ते ०.४६ सेकंदात संपतात. वेग वाढवायला गुरुत्वाकर्षणाला तिथं वेळच कमी मिळतो. ऊर्जा मात्र मीटरच्या हिशेबानं मिळते, सेकंदाच्या नाही. वरचा मीटर असो की खालचा, प्रत्येक मीटरला तुमच्या गोळ्याला १९,६०० ज्यूलच.

यात तुम्ही एकटे नाही. वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं गॅलिलिओनंही १६०४ साली पाओलो सार्पीला लिहिलेल्या पत्रात धरलं होतं. पुढं त्यानं ते बदललं आणि अंतराच्या जागी वेळ घातली.

भागीदार_हजर · मंगळवार, दुपारी १.४१

गॅलिलिओ आमच्या पार्टीतला निघाला, बरं वाटलं. बाकीचं बघतो.

गगनबावडेकर · मंगळवार, दुपारी ३.१५

वस्तुमान दोन्हीकडून उडतं म्हणजे ४ टनांचा आणि २ टनांचा गोळा एकाच वेगानं येणार? मनाला पटत नाही. आणि तसं असेल तर आमच्याकडे पावसाचे थेंब एवढ्या वरून येतात, त्यांनी डोकी फुटायला पाहिजेत.

भौतिकवेडी · मंगळवार, दुपारी ४.०२

गोळे एकाच वेगानं येणार. ४ टनांना पृथ्वी दुप्पट जोरानं ओढते, पण हलवायचं वस्तुमानही दुप्पट असतं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम टेकली. तिथं हवा नाही.

थेंबाचं वेगळं आहे, कारण थेंबाला हवा अडवते. दीड किलोमीटरवरून हवेशिवाय पडला असता तर ताशी ६०० किलोमीटरच्या वर आला असता. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंब ताशी ३२ च्या आसपास येऊन अडकतो. तिथून पुढं जेवढी स्थितिज ऊर्जा सुटते तेवढी सगळी हवा ढवळण्यात आणि शेवटी उष्णतेत जाते. शिरोलीकरांच्या गोळ्याला हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या हजाराव्या भागाइतकाही नाही. सोडून द्या.

घाटावरचा · मंगळवार, सायंकाळी ७.३०

थोडं विषयांतर. पुरात पुलावरून पंचगंगेत उड्या टाकणारी पोरं दरवर्षी बघतो. १० मीटर धरलं तर मास्तरांच्या हिशेबानं ताशी ५० नं पाण्यावर येतात. मग कुणी सहज पोहत बाहेर येतो आणि कुणाला उचलून न्यावं लागतं, हे कसं? ऊर्जा तर दोघांची सारखीच.

भौतिकवेडी · मंगळवार, रात्री ८.४४

विषयांतर कुठलं, मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

ऊर्जा किती आणली, यावरून मार ठरत नाही. ती किती अंतरात संपवली, यावरून ठरतो. सरळ पायावर शिरलेला पोरगा पाण्यात ३ मीटर खाली जाऊन थांबला, तर त्याच्यावर सरासरी जोर त्याच्या वजनाच्या सव्वाचार पट. तोच पोटावर पडला आणि ३० सेंटिमीटरमध्ये थांबला तर चौतीस पट. उंची तीच, वेग तोच. (आणि पुराच्या पाण्यात खालून ओंडके वाहत असतात, ते कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. उड्या मारू नका.)

आता गोळ्याकडे या. ६ मीटर मोकळा पडलेला गोळा नगावर ५ सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी जोर त्याच्या वजनाच्या सुमारे १२० पट, म्हणजे २४० टनांचा दाब. पण नग खालच्या मातीत दबत गेला आणि थांबायला ३० सेंटिमीटर लागले, तर तोच जोर ४२ टनांवर येतो. शिरोलीकर, नग ठेवता कशावर?

शिरोलीकर · मंगळवार, रात्री ९.३१

जमिनीवर. आधी मुरूम टाकून रोलर मारला होता, पण दोन पावसाळे झाले. आता मधोमध खड्डा पडलाय आणि खालची काळी माती वर आलीय. मोठा नग दोन-तीन दणक्यांत वीतभर खाली जातो, मग क्रेननंच उपसून काढावा लागतो.

क्रेनवरचा_माणूस · मंगळवार, रात्री ९.४०

हे आधी सांगायचं की राव. फोडताय कुठं, ठोकून पुरताय.

भौतिकवेडी · मंगळवार, रात्री १०.५८

आता भागीदारांनी वाचावं असा हिशेब. ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

गोळा नगावर बसला आणि दोघं मिळून खाली सरकू लागले, तर त्या क्षणी संवेग कायम राहतो, गतिज ऊर्जा राहत नाही. जी गतीतून गेली तीच नग वाकवायला, तडकवायला मिळते. उरलेली दोघांना घेऊन जमिनीत जाते. फोडायला मिळणारा हिस्सा किती? नगाचं वस्तुमान भागिले नग आणि गोळा मिळून वस्तुमान. नगाखाली जड, घट्ट बैठक असेल तर तिचं वजन नगात धरायचं.

नग २ टनांचा आणि खाली भुसभुशीत माती. २ टनांचा गोळा १२ मीटरवरून टाकला तर निम्मी ऊर्जा फोडण्यात, सुमारे १ लाख १८ हजार ज्यूल. ४ टनांचा ६ मीटरवरून टाकला तर तिसरा हिस्सा, ७८ हजार. इथं भागीदार जिंकले. बरोबरी ऊर्जेत होती, फोडण्यात नाही.

आता मातीच्या जागी २० टनांची लोखंडी बैठक धरा, खाली पक्का पाया. मग पहिल्याला ९२ टक्के, दुसऱ्याला ८५ टक्के. फरक जवळजवळ मिटला. पण खरी गंमत वेगळी आहे. आज आहे तोच २ टनांचा गोळा, तीच ६ मीटर उंची: मातीवर ५९ हजार ज्यूल कामी येतात, बैठकीवर १ लाख ८ हजार. गोळा ओतायला नको, बूम लांबवायला नको.

पुलाच्या पायासाठी पाइल (जमिनीत ठोकायचे खांब) ठोकणारे नेमकं उलटं करतात. त्यांना पाइल फोडायची नसते, खाली न्यायची असते. म्हणून जड हातोडा आणि कमी उंची. तुमच्या आवारात सध्या तेच चाललंय.

तांबडा_पांढरा · मंगळवार, रात्री ११.१०

म्हंजे बिडाची लागवड चाललीया. पाऊस बी झालाय, उगवंल.

गच्चीवरचा_जुगाड · बुधवार, सकाळी ८.२२

छान चर्चा. यावरून एक कल्पना. गच्चीवर हजार लिटरची टाकी असतेच. पाणी खाली येताना मध्ये छोटं टर्बाइन बसवलं तर घरची वीज निघेल का?

निवृत्त_मास्तर · बुधवार, सकाळी ९.१५

हजार किलो पाणी, १० मीटर उंची, ९८ हजार ज्यूल. काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी ९ वॅटचा एक एलईडी बल्ब तीन तास. आणि ते पाणी वर चढवताना पंपानं याहून जास्त वीज खाल्लेली असते.

पडण्यातून वीज काढायची तर पाणी भरपूर पाहिजे किंवा उंची भरपूर पाहिजे. राधानगरीच्या धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, असं दर पावसाळ्यात बातमीत वाचतो आपण. म्हणजे सेकंदाला ४० टन. एवढं पाणी नुसतं एक मीटर खाली आलं तरी सुमारे ४०० किलोवॅट. कोयनेला उंचीची कमाई: पाणी घाटाखाली साडेचारशे मीटरहून जास्त उतरतं, त्यामुळे तुमच्या टाकीएवढ्या पाण्यातून तिथं एका युनिटहून जास्त निघू शकते.

त्याच मापानं शिरोलीकरांचा दणका मोजला तर एका युनिटचा तिसावा भाग. एवढा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि वीजबिलात शोधायला गेलं तर सापडणार नाही.

जुनी_पानं · बुधवार, दुपारी १२.५०

मास्तरांनी गॅलिलिओ काढला म्हणून भर घालतो. वेगाच्या वर्गाचा हा वाद युरोपात पुष्कळ वर्षं चालला होता. लाइब्निट्सनं १६८६ मध्ये मांडलं की गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वर्ग कशाला, नुसता वेग पुरे, असं म्हणणारेही वजनदार लोक होते. १७२२ च्या सुमाराला हॉलंडमधल्या लायडनच्या स्ग्रावेसांड या प्राध्यापकानं पितळी गोळे मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगानं आलेल्या गोळ्याचा खड्डा चौपट निघाला. फ्रान्समध्ये एमिली द्यू शातले या विदुषीनं १७४० च्या आपल्या पुस्तकात लाइब्निट्सची बाजू उचलून धरली.

पोरांना दाखवायचं तर बापट कॅम्पातून शाडू आणा, बेअरिंगचे छर्रे घ्या, आणि पट्टीशेजारी एक आणि दोन मीटरवरून सोडा.

निवृत्त_मास्तर · बुधवार, दुपारी १.३०

शाळेत करायचो. एक सूचना: खड्ड्याची खोली मोजू नका. छर्रा गोल असल्यामुळे खड्डा जसजसा खोल जातो तसतसा रुंदही होतो, खोलीचा हिशेब फसतो. छर्रा अलगद काढून खड्ड्यात ड्रॉपरनं पाणी भरा आणि थेंब मोजा. दुप्पट उंचीला थेंब साधारण दुप्पट भरतात. शाडू फार ओला नको, नाहीतर कडा आत ढासळतात.

फेटलिंगवाला · बुधवार, रात्री ९.०५

सूत्रं झाली असतील तर दोन गोष्टी अनुभवाच्या.

एक. नग बैठकीवर सपाट ठेवून वरून मारू नका. दोन जाड ठोकळे अंतरावर ठेवा, नग त्यांच्यावर आडवा टाका आणि मधोमध गोळा पाडा. बीड दाबाला तीन-चार पट तगडं असतं, ताणाला कच्चं. मधोमध मारलं की खालची बाजू ताणली जाते आणि तडा खालून वर येतो. सपाट ठेवलेल्या नगावर तुम्ही त्याच्या ताकदीच्या बाजूनं भांडताय.

दोन. न फुटणारे नग बिडाचेच आहेत का, ते बघा. घण मारून ऐका. साधं बीड बद्द वाजतं, एसजी (चिवट जातीचं बीड) खणखणतं. एसजी आयर्न असेल तर ते तडकायच्या आधी वाकतं, आणि वाकण्यात गोळ्याची सगळी ऊर्जा पिऊन टाकतं. त्याला वाटेल तेवढी उंची द्या.

आणि तुकडे उडतात त्याचं काय करता? फुटल्यावर जी ऊर्जा उरते ती तुकडेच घेऊन जातात. किलोभराचा तुकडा पत्रा फाडून शेजारच्या आवारात गेलेला पाहिलाय. चारी बाजूंनी जुन्या कन्व्हेयर बेल्टचे पडदे लावा, पत्रे नकोत. बेल्ट मागं ढकलला जातो आणि तुकडा अडतो, पत्रा फाटतो.

भागीदार_हजर · बुधवार, रात्री ९.५२

तुकडा अडतो तो थांबायला अंतर मिळालं म्हणून, बरोबर ना मास्तर?

निवृत्त_मास्तर · बुधवार, रात्री ९.५८

पैकीच्या पैकी.

शिरोलीकर · पुढचा रविवार, दुपारी ४.२०

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

घण मारून ऐकलं. अडलेल्या ढिगात दोन नग खणखणीत निघाले, एसजीच. ते बाजूला काढलेत, त्यांना गोळा लावणार नाही. बाकीचे बिडाचेच.

खड्डा उपसून काळी माती काढली, कठीण मुरमापर्यंत गेलो आणि काँक्रीट टाकलंय. २० टनांची एकसंध बैठक मिळणं अवघड, पण आमच्याकडे जाड स्लॅबचे तुकडे पडून आहेत, ते एकावर एक रचून वेल्ड करतोय. काँक्रीट पिकेपर्यंत तिथं गोळा नाही. तोवर एक नग नुसता दोन ठोकळ्यांवर टाकून बघितला, शेजारच्या कडक जागेवर. उंची तीच, गोळा तोच. पहिल्या दणक्याला काही नाही. दुसऱ्यानंतर वाकून बघितलं तर खालच्या बाजूला केसाएवढी रेघ, कडेपासून मधल्या बॉसपर्यंत (जाड फुगवट्यापर्यंत). तिसऱ्याला दोन तुकडे.

ट्रिप हुकची चौकशी उद्यमनगरात केलीय. ४ टनांचा गोळा रद्द. भागीदार मात्र म्हणतो, बैठक झाल्यावर निदान ८ मीटरवर तरी जाऊ.

भागीदार_हजर · रविवार, दुपारी ४.३३

८ मीटर जमिनीपासून, म्हणजे ठोकळे आणि नग वजा जाता साडेसहा. मास्तर, हिशेब बघा: २००० गुणिले ९.८ गुणिले ६.५, १ लाख २७ हजार ज्यूल. वेग ताशी ४०.६. मी वर्गमूळ काढलंय यावेळी.

क्रेनवरचा_माणूस · रविवार, सायंकाळी ५.१०

हिशेब ठीक. बूमची लांबी आणि क्रेनपासून गोळ्याचं अंतर सांगा, आणि चार्टचा फोटो टाका. ८ मीटरला २ टन बसतात का, ते बघून सांगतो. त्याआधी उचलू नका.